ओंजळीचा बांध

धानटेक गावाच्या पश्चिमेला, वडजाईच्या ओढ्याकडे उतरणाऱ्या काळ्या रानात एक बांध आहे. बांध म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो हातभर रुंदीचा, हरळीने माखलेला, दोन शेतांच्या मधला उंचवटा. हा तसा नाही. याच्या माथ्यावरून बैलगाडी जाते, आणि समोरून दुसरी आली तर दोन्ही गाड्या चाक न उतरवता निघून जातात. ओढ्याच्या टोकाशी तो इतका उंच झाला आहे, की लांबून येणाऱ्याला ती टेकडीच वाटते. त्याच्यावर कोणी पेरत नाही. त्याला कोणी कुदळ लावत नाही. मोजणीला माणसे येतात, अलीकडच्या रानाचा आकडा लिहितात, पलीकडच्या रानाचा लिहितात, आणि बांधावर बसून भाकरी खाऊन परत जातात. त्याची मालकी कोणी सांगत नाही, म्हणून त्याच्यावर भांडणही नाही. आसपासच्या दहा गावांत बिनभांडणाची जमीन म्हणून दाखवावी अशी तेवढीच.

पाऊल जरा जोरात टाकले तर माती ढासळते, आणि मातीतून कोळशाचे तुकडे बाहेर येतात. करंगळीच्या पेराएवढे, हलके. नवखा पाहुणा तो तुकडा हमखास उचलतो आणि विचारतो, "इथं कधी आग लागली होती का?"

तेव्हा केरूतात्या गोष्ट सांगतात. तात्यांनी ऐंशी कधीच ओलांडली. त्यांचे रान बांधाला लागून आहे. गोष्ट सांगताना ते बसत नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून, ओढ्याकडे पाठ करून उभे राहतात.

"आग न्हाई लागली," ते म्हणतात. "लाज लागली."

दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, असे सांगतात. या रानाचा मालक कुशाबा ढवण नावाचा कुणबी होता. त्याला दोन मुलगे, थोरला गोंदाजी आणि धाकटा हैबती. कुशाबाला म्हातारपणी एकच धास्ती होती. त्याचे आणि त्याच्या सख्ख्या भावाचे रानावरून फाटले होते, आणि भावाच्या मातीला त्याला कोणी बोलावले नव्हते. म्हणून हातीपायी धड असतानाच त्याने ठरवले, की रान आपल्या डोळ्यांदेखत वाटून द्यायचे.

वाटणीच्या दिवशी तिघेच रानात गेले. गोंदाजीने काठी धरली, हैबतीने खुंट्या ठोकल्या, बापाने मोजले. मधल्या रेषेवर तीन ठिकाणी कोपरभर खोल खड्डे घेतले. प्रत्येक खड्ड्यात बाभळीच्या कोळशाने भरलेले नवे मडके ठेवले, माती लोटली आणि वर घडीव दगड बसवला. लाकूड कुजते, लोखंड गंजते; कोळसा जमिनीत शंभर वर्षे तसाच राहतो. त्या काळी हद्दीची खूण अशीच पुरत.

काम झाल्यावर कुशाबा म्हणाला, "दगड सरकंल. कोळसा सरकत न्हाई. ध्यानात ठेवा."

ओढ्याकडे जाणारी बारा हात रुंदीची वाट हैबतीच्या वाट्याला गेली. गोंदाजीला ते आवडले नाही. अठरा वर्षे नांगर त्याने धरला होता. हैबतीचे मन घोड्यांत. ओढ्याच्या काठची माती गोंदाजीने स्वतः डोक्यावरून आणून घातली होती. पण बापासमोर तो काही बोलला नाही. न बोललेले त्याच्यापाशी राहिले.

पुढे कुशाबा गेला. हैबती एका सरदाराच्या पथकात शिलेदार म्हणून निघून गेला, आणि तिसऱ्या वर्षी गावात त्याचे पागोटे तेवढे परत आले. मागे बायको साळू आणि दोन लहान लेकरे. तिच्या माहेरी कोणी उरले नव्हते. दिवसकार्य आटोपल्यावर गोंदाजी तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"साळू, रानाचा घोर करू नगंस. माझा नांगर हाय तवर तुझं रान पडीक पडायचं न्हाई."

हे तो मनापासून बोलला. तात्या इथे थांबतात आणि हे वाक्य पुन्हा सांगतात. गोंदाजी कपटी नव्हता, असे त्यांचे ठाम म्हणणे आहे. कपटी असता तर ही गोष्टच झाली नसती.

पहिल्या वर्षी जे झाले ते बैलामुळे झाले. गोंदाजीच्या नांगराला उजवीकडे नवा खोंड होता. स्वतःचे रान नांगरताना खोंडाने बांधाकडे ओढ घेतली, आणि नांगराचा एक तास, म्हणजे एक चर, बांधातून गेला. बांध तेवढा बारीक झाला. मग साळूचे रान नांगरताना, बांध पुन्हा पुरता व्हावा म्हणून, गोंदाजीने तिच्या बाजूचा एक तास न नांगरता सोडला. त्यात पाप नव्हते. बांध राखायचा म्हणूनच त्याने ते केले.

बांध पहिल्याइतकाच रुंद दिसू लागला. फक्त तो जागेवर नव्हता.

दुसऱ्या वर्षी खोंड शिकला होता, शहाण्यासारखा चालत होता. तरीही गोंदाजीने आपल्या बाजूने दोन तास बांधात घातले आणि तिच्या बाजूने दोन सोडले. तिसऱ्या वर्षी तीन. नांगर दोन्हीकडे त्याचाच चालायचा, पाहणारे कोणी नव्हते. गाव तर म्हणायचे, दीर असावा तर असा. आधी भावजयीचे रान नांगरतो, मग आपले. हे ऐकताना गोंदाजीची मान खाली जाई, आणि लोकांना तो विनय वाटे.

नवव्या वर्षी बांध बारा हात सरकून ओढ्याच्या वाटेच्या पलीकडे गेला, आणि कुशाबाने बसवलेले तीन दगड उघड्या रानात पडल्यासारखे दिसू लागले. भैरोबाच्या जत्रेच्या दिवशी सारा गाव देवळाकडे होता. भर दुपारी गोंदाजीने पहार घातली आणि दगड उचलून नव्या बांधावर नेले. बाभूळ जाळून कोळसा त्याने आधीच करून ठेवला होता. नवी मडकी भरून ती दगडांखाली पुरली. जुनी मडकी मात्र त्याने काढली नाहीत. पहार दोनदा उचलली, असे सांगतात, आणि दोनदा खाली ठेवली. ती बापाच्या हातची होती.

मग त्याने वाटेच्या तोंडाला बोरीच्या काट्यांची कूड घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूची गुरे त्या कुडीपाशी अडली. ती थोरल्या जावेकडे, ठकूकडे गेली.

"ठकूबाई, वाटंवर कूड कुणी घातली?"

"आमच्या रानात आमी घातली. का गं? नऊ वरसं नांगर कुणाचा चालला तुझ्या रानात? त्येची आठवण न्हाई, अन् कुडीची आली व्हय?"

गुरे हाकलत साळूने सबंध माळाला वळसा घातला आणि गावठाणाच्या उतारावरून ओढा गाठला. जायला-यायला अर्धा दिवस गेला. असे आठ दिवस तिने केले. तहानलेली एक गाय वाटेतच बसली, ती उठली नाही. नवव्या दिवशी साळू चावडीवर गेली.

पाटील होते निळोजी. माणूस सरळ, पण भिडस्त. त्यांनी चार जाणती माणसे बरोबर घेतली आणि दगडाखाली खणायला लावले. मडके निघाले, मडक्यात कोळसा निघाला. पाटलांनी गोंदाजीकडे पाहिले, साळूकडे पाहिले.

"पोरी, खूण तर मिळाली."

पदर डोक्यावर नीट घेऊन, खाली बघत साळू म्हणाली, "कोळसा कुणीबी पुरंल, पाटील. माझ्या रानची माती माझ्या हातानं मी भावजींच्या डोक्यावर ठिवते. ती घिऊन त्यांनी चालावं. ते चालतील ती हद्द. मग माझं काय म्हणणं न्हाई."

हे दिव्य होते. जिथे साक्षीदार नसे तिथे शेवटचा निवाडा असाच होई. वादातली माती डोक्यावर घेऊन, भैरोबाची आण घेऊन माणसाने हद्द चालायची. तो जिथून चालेल ती हद्द कायमची. त्यानंतर अकरा दिवस गाव त्याच्यावर लक्ष ठेवी. तो आजारी पडला, घरातले जनावर मेले, घराला आग लागली, तर तो खोटा. काही झाले नाही तर खरा, आणि मग पुन्हा तो वाद तोंडातही आणायचा नाही.

चैत्र पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी दिव्य ठरले. गोंदाजी ओढ्यात बुडी मारून ओलेत्याने रानात आला. दोन्ही बाजूंना गाव उभा. साळू खाली वाकली, आपल्या रानातली ओंजळभर माती घेतली आणि त्याच्या ओल्या डोक्यावर ठेवली. गुरांची दावी ओढून तिच्या तळहातांना पडलेले घट्टे त्याला कपाळावर लागले. क्षणभर तिने हात तसेच ठेवले. 'नाही' म्हणून त्याने मान हलवावी, एवढाच तो वेळ होता.

त्याने मान हलवली नाही. तो चालू लागला.

खोट्या बांधावरून, दगडापासून दगडापर्यंत, एकही पाऊल न चुकवता तो ओढ्यापर्यंत चालला. केसांतले पाणी मातीत मुरले आणि चिखलाचे ओघळ त्याच्या डोळ्यांवरून, गालांवरून उतरले. त्याला ते पुसायची परवानगी नव्हती. ओढ्याच्या काठावर त्याने डोके झटकले. माती खाली पडली, काठच्या मातीत मिसळली.

मागून साळूचा आवाज आला. ती एवढेच म्हणाली, "बरं."

अकरा दिवस गेले. गोंदाजीला साधे पडसेही झाले नाही. बैल धष्टपुष्ट, घर जागेवर. बाराव्या दिवशी चावडीवर महजर लिहिला गेला, म्हणजे निवाड्याचा कागद. त्यावर पाटलांनी निशाणी केली आणि गावातल्या बारा जणांनी साक्ष घातली.

त्या साली गोंदाजीचे रान कधी पिकले नव्हते असे पिकले. त्या बारा हातांत तर ज्वारी माणसाच्या वर गेली. शिक्षा झाली असती तर बरे झाले असते, असे त्याला पहिल्यांदा वाटले ते त्या उभ्या पिकात.

कापणी झाली, आणि साळूच्या घरून एक सूप आले. त्यात तिच्या रानातली नवी कणसे होती. नव्या धान्यातली पहिली कणसे धाकट्या घराने थोरल्या घरी द्यायची, ही ढवणांची रीत होती. इतके सारे होऊनही साळूने ती मोडली नाही. सूप घेऊन आलेली तिची लेक म्हणाली, "आईनं सांगितलंया, थोरल्या घरचं पयलं." गोंदाजीने सूप घेतले. ठेवायला जागा सापडत नसल्यासारखा तो ते हातात धरून ओसरीवर कितीतरी वेळ उभा राहिला.

त्यानंतर नांगरट आली. तिसऱ्याच तासाला फाळ अडखळला आणि मातीबरोबर कोळसा वर आला. बापाचे मडके फुटले होते. गोंदाजीने बैल थांबवले, इकडेतिकडे पाहिले, तुकडे वेचून पागोट्यात बांधले आणि ओढ्यात टाकले. पुढच्या तासाला पुन्हा कोळसा. त्याच्या पुढच्या तासालाही. तीन मडक्यांत मावेल तेवढा कोळसा निघून संपला, तरी तो निघतच राहिला, असे सांगतात. कुळवाला कोळसा, पाभरीच्या फणाला कोळसा. जिथे मडके नव्हते, त्या त्याच्या खऱ्या, बापाने दिलेल्या रानातही कोळसा. गोंदाजी दिवसभर वाकून वेची. लोक म्हणत, केवढा कष्टाळू माणूस, खडासुद्धा राहू देत नाही.

एक दिवस ठकू ज्वारी पाखडत होती. सूप थांबले.

"अवो, ह्या ज्वारीत कोळसा कुठला?"

त्याने हात पुढे करून तो तुकडा मागितला.

"खळ्यावर चूल पेटवली न्हवती कुणी. मागल्या खेपंला भाकरीत लागला, मला वाटलं तव्याचा असंल." तिने तुकडा बोटांत फिरवला. "बाभळीचा हाय."

ठकूने त्याच्या तोंडाकडे पाहिले, आणि नवऱ्याने पहार घेऊन घालवलेली जत्रेच्या दिवसाची दुपार तिला आठवली. तिने सूप खाली ठेवले. "मी साळूला काय काय बोलले," ती हळूच म्हणाली. "मला तरी सांगायचंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सारी माणसे चावडीवर असताना, गोंदाजी तिथे गेला. त्याने पागोटे उतरवून पाटलांच्या पायांशी ठेवले. त्यात कोळसा होता.

"पाटील, मी खोटा चाललो. बारा हात साळूचे हायेत. कागद फाडा."

निळोजी पाटलांनी त्यातला एक तुकडा उचलून पाहिला.

"गोंदाजी, कागद फाडता येत न्हाई."

"माझं मी कबूल करतोय की!"

"तू करशील. पर दिव्य खोटं ठरलं, तर या गावातली कंची हद्द खरी? समद्यांचे आजेपणजे अशीच माती घिऊन चाललेले हायेत. उद्या जो तो पहार घिऊन बापाचा कोळसा हुडकत सुटंल. एकाच्या खऱ्यासाठी साऱ्या गावाला रानात भांडत ठिवू का मी?" पाटलांचा आवाज खाली आला. "जा घरी. रान तुझंच हाय."

पाटील खोटे बोलत नव्हते. त्यांना गावाची काळजी होती. पण आणखीही एक होते, आणि ते तात्या आवाज न चढवता सांगतात. चावडीवर बसलेल्यांपैकी प्रत्येकाच्या नांगराने कधी ना कधी एखादा तास पलीकडचा खाल्ला होता. त्या सकाळी कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

गोंदाजी तिथून थेट साळूच्या दारात गेला. ती कडब्याच्या पेंढ्या बांधत होती.

"साळू, मी खोटा चाललो."

"मला ठावं हाय, भावजी."

"पाटील ऐकत न्हाईत. लिवलेलं मोडत न्हाई म्हणत्यात."

"मग माझ्याकडं कशाला आलासा?"

"तू सांगशील ते करतो."

साळूने पेंढीला गाठ मारली. ओढून पाहिली. मग म्हणाली, "मी तुमच्या डोक्यावर वंजळभर माती ठिवली हुती. माझ्या रानची. तेवढी परत द्या."

"ती ओढ्याकाठी पडली. मिसळली तिथं. आता कुठनं आणू?"

"ते मी काय सांगू? घावंल तवर आणत राहा."

दुसऱ्या दिवसापासून गोंदाजीने सुरुवात केली. त्याने कूड उपटून टाकली. आपल्या रानातली ओंजळभर माती घेऊन तो त्या बारा हातांच्या पट्ट्याशी उभा राहिला, आणि पलीकडे काम करणाऱ्या साळूला त्याने विचारले, "हीच का, साळू?"

ती हातातले काम ठेवून आली. नुसते म्हणायचे म्हणून ती म्हणत नसे. खरोखर वाकून बघे, असे सांगतात. बोटाने माती सारून पाहिली आणि म्हणाली, "ही नव्हं, भावजी."

त्याने माती त्या पट्ट्यावर टाकली. मग दिवस मावळेपर्यंत टोपल्यांनी वाहिली. ती एक ओंजळ कोणत्या टोपलीत असेल, हे कोणी सांगावे? कोळसा अजूनही निघत होता. पण आता तो वेचून लपवायचा नव्हता. मातीबरोबर तोही उघड्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत पट्ट्यावर जाऊन पडे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओंजळ. "हीच का, साळू?" "ही नव्हं, भावजी." पेरणीला, सुगीला, सणाला, घरच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. गावाला आधी हसू आले. वाटेने जाणारे थांबून विचारत, "काय गोंदाजी, घावली का न्हाई अजून?" कोणी म्हणे, "त्यापरीस ओढाच उपसून बघ की!" तो पुढची टोपली भरी. मुले त्याच्या मागून, ओंजळी करून, त्याच्यासारखे वाकून चालत.

दोन वर्षे गेली. पट्ट्यावरची माती गुडघाभर झाली, आणि तिच्यावरून साळूची गुरे ओढ्यावर जाऊ लागली. कागदावर ते रान गोंदाजीचे होते, त्यामुळे पाटलांना काही म्हणता येईना. गोंदाजी तिथे नांगर घालत नव्हता, त्यामुळे ते रान कोणाचेच नव्हते. कागद तसाच राहिला, आणि वाट मोकळी झाली.

मग एका सकाळी हसणाऱ्यांची तोंडे बंद झाली. निळोजी पाटील आपल्या चुलतभावाच्या बांधापाशी ओंजळ घेऊन उभे होते. वय झालेले, बोटांच्या फटींतून माती गळत होती. चुलतभाऊ नांगर सोडून बघत राहिला.

"हीच का, रे?" पाटलांनी विचारले.

त्याने इकडेतिकडे पाहिले, पाटलांच्या हातांकडे पाहिले, आणि साळूचे शब्द उचलले. "ही नव्हं, दादा."

पाटील ती माती घेऊन गोंदाजीच्या बांधापर्यंत चालत गेले आणि तिथे टाकली. मग एकेक जण येऊ लागला. कोणी सकाळी लवकर, कोणी दुसऱ्याची पाठ वळल्यावर. कोणी ओंजळ आणली, कोणी पाटी, एकाने तर गाडी भरून आणली. कोणी कोणाला विचारले नाही, की एवढी का. बांध कमरेइतका झाला, खांद्याइतका झाला.

तेवीस वर्षे अशी गेली, असे सांगतात. ठकू गेली. गोंदाजीची पाठ वाकली. शेवटी शेवटी त्याला टोपली उचलवत नसे. ओंजळ तेवढी तो आणी, तीही अर्धी वाटेत सांडे. साळूचेही केस पांढरे झाले होते. पण रोज ती काम ठेवून येई आणि वाकून बघे.

एका सकाळी तो आला आणि न विचारता नुसताच उभा राहिला.

"भावजी, आज इचारलं न्हाई?"

"माझं मलाच दिसतंय, साळू. ही नव्हं."

त्याने माती बांधावर सोडली आणि तिथेच खाली बसला. साळू आपल्या रानात उतरली, वाकली, आणि दोन्ही हातांत माती घेऊन परत आली. त्या सकाळपर्यंत तिने कधी बांधावर माती टाकली नव्हती.

"भावजी, एक सांगायचं ऱ्हायलंय. तिसऱ्या वरसाला मी रान पावलांनी मोजलं हुतं. दोन पावलं कमी भरलं."

त्याने वर पाहिले.

"मला तवाच कळलं. मी गप बसले. बोलले असते तर तुमचा नांगर थांबला असता. दोन लेकरं, एकली बाई. मी म्हटलं, जाऊ दे दोन पावलं, नांगर तर चालतोय. तवाच बोलले असते तर तुमी दिव्याला उभं ऱ्हायला नसता. माती डोक्यावर ठिवताना मला ठावं हुतं, तुमी खोटं चालणार. मला बघायचं हुतं." तिने ओंजळ पुढे केली. "ह्या बांधात माझीबी माती पायजे. हीच का, भावजी?"

ती काय मागते आहे, हे त्याच्याइतके कोणाला कळणार? 'हीच' म्हटले असते तर दोघेही त्या क्षणी मोकळे झाले असते. गोंदाजीने तिचे हात आपल्या हातांत धरून, डोळ्यांजवळ नेऊन माती पाहिली. एक खोटे त्याने आयुष्यभर डोक्यावर वाहिले होते. दुसरे त्याला उचलवले नाही.

"ही नव्हं, साळू," तो म्हणाला.

साळूने माती बांधावर टाकली, आणि दोघे आपापल्या घरी गेले. त्याच महिन्यात गोंदाजी वारला. त्याला कुठे जाळले ते आज कोणाला ठाऊक नाही. त्याच्या नावाचा दगड बसवायचा नाही, असे त्याने बजावले होते. दगड सरकतात, हे त्याच्याइतके कोणी जाणत नव्हते.

आजही चैत्र पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी, नांगर बाहेर काढण्यापूर्वी, धानटेकचा एकूण एक माणूस आपल्या रानाच्या कडेची ओंजळभर माती घेऊन या बांधाशी येतो. बांधाला बांध लागलेले दोघे समोरासमोर उभे राहतात. त्यांत सख्खे भाऊ असतात, चुलते-पुतणे असतात, तालुक्याच्या कोर्टात एकमेकांविरुद्ध तारखा घेणारेही असतात. प्रत्येकाने विचारायचे, प्रत्येकाने वाकून बघायचे, आणि उत्तर एकच द्यायचे. 'हीच' म्हणायची मुभा कोणाला नाही. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा यावे लागते.

केरूतात्यांची गोष्ट इथे संपते. ज्यांनी ती त्या रविवारी ऐकली आहे, त्यांनी पुढचेही पाहिलेले असते. तात्या काठी पाहुण्याच्या हातात देतात, आपल्या रानात उतरतात आणि माती भरून घेतात. बांधाच्या पलीकडून तेवढ्याच वयाचा एक म्हातारा, आपली ओंजळ सांभाळत, हळूहळू चढून येतो. तो त्यांचा चुलतभाऊ. वाटणीच्या दाव्यापासून एकतीस वर्षे दोघांचे बोलणे नाही. एकमेकांच्या घरच्या लग्नाला नाही, मयताला नाही. दोघे समोरासमोर येतात. दम खातात. वाऱ्याने माती उडू नये म्हणून तळहात घट्ट करतात.

"हीच का, भिवा?" तात्या विचारतात.

भिवाअण्णा चष्मा वर सारून, खरोखर वाकून बघतात.

"ही नव्हं, दादा."